वैशाखातल्या बाळंतिणी

शेवंती कुणाच्या घरी बाळंतपणाला गेली, की आधी बाईकडे बघत नसे. उंबऱ्यात उभी राहून ती खोली न्याहाळायची. जनेल कुठे आहे, कौलांतून वाफ जायला वाट आहे का, बाजेखाली काय सरकवून ठेवलंय, बाहेरच्या भिंतीवर ऊन कुठवर चढलंय. खिडकीला तिकडे जनेल म्हणतात, आणि शेवंतीची नजर सगळ्यात आधी तिच्यावर जायची. नवख्या सासवांना वाटे, ही बाई भूत शोधते आहे की काय. विचारलं तर शेवंती हसून म्हणे, "भूतच शोधतंय गो. गावला तर पयला तेका भायर काढतलंय."

मिठबावच्या खाडीकाठी तिचं घर. नवरा गंगाराम गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, पावसाळा सोडला तर सदा दर्यावर. सुईणपण तिला सासूकडून आलं होतं. सासूचे हात थरथरायला लागले तेव्हा म्हातारीने एके दिवशी सुनेला पुढे केलं आणि स्वतः भिंतीला टेकून नुसती सांगत बसली. त्या पहिल्या दिवसापासून शेवंतीचा हात चांगला निघाला. नाळ वेटाळलेली पोरं, पायाळू पोरं तिने सुखरूप काढली. पण बाळंतपण सुखरूप झालं म्हणून बाळंतीण सुखरूप राहील, असं त्या वाडीत कुणी छातीवर हात ठेवून म्हणत नसे. वैशाखात तर नाहीच. "वैशाखातली बाळंतीण आणि आषाढातली होडी देवाच्या हवाली," असं बाया म्हणायच्या.

शेवंतीला हे बोलणं लहानपणापासून ठाऊक होतं. ती परकराच्या वयाची असताना तिची थोरली बहीण सुगंधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. भर वैशाख. काळोखाची खोली, दार लावलेलं, जनेलाच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओव्याची आणि शेपांची धुरी. सुगंधाच्या डोक्याला फडकं, कानात कापूस, अंगावर गोधडी. ती पाणी मागत होती. शेवंतीने पितळेचा पेला भरून दारापर्यंत नेला, तेव्हा आत्याने तो तिच्या हातातून काढून घेतला. बाळंतिणीने पाणी प्यायलं की वात होतो, असं सांगितलं. सुगंधा दोन दिवस बरळली आणि गेली. वात झाला असं घरचे म्हणाले. शेजारचे म्हणाले, विहिरीकडच्या माडाखालची बाधा. शेवंतीनेही ते खरं मानलं. न मानून ती काय करणार होती?

पुढे पुष्कळ वर्षांनी तिला पहिल्यांदा शंका आली, ती आंब्यांमुळे.

गावात दाजींची आंब्याची मोठी बाग होती. दाजी म्हणजे चाळिशीतला, बोलायला गोड, पण आईपुढे मान वर न करणारा माणूस. हंगामात वाडीतल्या बाया त्यांच्याकडे आंबे निवडायला जात. शेवंतीही जाई. एकदा अढीच्या खोलीत गवत पसरून आंबे रचलेले होते आणि दाजींचा गडी धोंडू दार ओढून जेवायला गेला होता. दाजींनी दार उघडलं आणि ओरडले, "अरे धोंडू, खोली कित्याक बंद केलंस? आंबे भाजतले मरे!" शेवंतीने सहज गवतात हात घातला. आत केवढी ऊब! तापकरी माणसाच्या काखेत हात घालावा तशी. तिने हात काढून घेतला आणि पुन्हा घातला. तिथे ना शेगडी होती, ना निखारा. नुसतं कोंडल्याने आंबा तापला होता. आणि आपण बाळंतिणीला कोंडतो, शिवाय बाजेखाली विस्तवही ठेवतो.

त्या दिवशी आंबे निवडताना तिला सुगंधाची बंद खोली आठवत राहिली.

त्याच सुमारास दवाखान्यात जानकीबाई नावाची नर्स आली होती. मूळची बांद्याची. उंच, सावळी, बोलणं मोजकं. गावोगावच्या सुईणींना बोलावून ती नाळ कापायचं पातं उकळून घ्यायला, हात साबणाने धुवायला शिकवी. इतर सुईणी मान डोलवत आणि घरी जात. शेवंती थांबली.

"बाई, एक विचारू काय?" तिने विचारलं आणि आंब्याच्या अढीचं सांगितलं. सुगंधाचंही सांगितलं.

जानकीबाईने हातातलं काम ठेवलं. मग म्हणाली, "ताप दोन तऱ्हेचा असतो, शेवंतीबाई. एक घाणीचा. त्यासाठीच मी तुम्हांला हात धुवायला सांगते. दुसरा उष्म्याचा. उन्हात राबणारा माणूस पडतो ना, बरळतो, अंग कोरडं ठक्क होतं, तो. अंगाला आपली ऊब बाहेर टाकता आली नाही की माणूस आतून शिजतो. मग तो शेतात असो की खोलीत. बाळंतीण अशक्त झालेली असते, तान्ह्याला तर घामही नीट येत नाही. तुमच्या बहिणीला कुठला ताप होता ते आता सांगता यायचं नाही. पण अशा खोलीत, अशा दिवसांत धडधाकट माणूससुद्धा टिकायचा नाही."

"मगे करूचा काय?"

"वारा, सावली, पाणी. अंगावरचं काढायचं, ओल्या कपड्याने पुसत राहायचं. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी, चिमूटभर मीठ आणि गूळ घालून. आणि हे सगळं लवकर. उशीर झाला की मी आले तरी उपयोग नाही."

दोघी बराच वेळ बोलत बसल्या. जानकीबाईने तिला काय सांगितलं आणि तिने जानकीबाईला काय सांगितलं, याचा हिशेब दोघींनीही ठेवला नाही. पण तेव्हापासून जानकीबाई वाडीत आली की आधी शेवंतीच्या ओसरीवर टेके.

खाडीकाठच्या गरीब घरांतून शेवंतीचं बोलणं चाललं. तिथे खोल्याच एक-दोन, बाळंतिणीला कोंडणार कुठे? मोठ्या घरांत मात्र रीत म्हणजे रीत. आणि सगळ्यांत मोठं घर दाजींचं. दाजींची आई सुभद्राकाकी म्हणजे त्या घराचा खांब. बुटकी, गोरी, आवाज असा की मागच्या परसातून हाक मारली तर पुढच्या रस्त्यावरचा माणूस थांबावा.

सत्तावन्न सालच्या वैशाखात दाजींची बायको विमला बाळंत झाली. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, नवसासायासाने. मुलगी झाली. शेवंतीनेच सोडवलं. निघताना तिने सुभद्राकाकीला हात जोडून सांगितलं, "काकी, उन्हाळो कडक आसा. शेगडी नको. जनेल उघडा रवांदे."

"बरां, बरां," काकी म्हणाली. शेवंतीची पाठ वळल्यावर तिने जनेल लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी धोंडू धावत आला. वाळूत पाय भाजत होते म्हणून मध्येच उड्या मारत होता. "शेवंतीबाय, चला. वैनी बरळता. काकीन घाडयाक बोलवूक सांगल्यान हा, पण दाजी म्हणाले आधी तुमका सांग."

घाडी म्हणजे भुताखेताचं बघणारा. शेवंतीने डोक्याला पदर गुंडाळला आणि निघाली.

दाजींच्या घरी माजघरातच वाफ जाणवली. तिने खोलीचं दार ढकललं. धुराने डोळे चुरचुरले. बाजेवर विमला लोकरी शालीत गुंडाळलेली, चेहरा लाल, ओठ फुटलेले. शेवंतीने कपाळावर हात ठेवला. तव्यासारखं कपाळ, आणि घामाचा टिपूस नाही. कुशीतली पोरगी कुंची-टोपड्यात ढिली पडलेली, रडायचंही त्राण नसलेली.

शेवंतीने पदराने शेगडी धरली आणि ओढली.

"शेवंते! शेगडेक हात लावशीत तर खबरदार!" सुभद्राकाकी दारात उभी राहिली. "वारो लागान मरतली ती!"

"काकी, वाऱ्यान नाय मराची. ती आतल्याआत भाजता. दाजीनूं, तुमी पायाकडसून बाज धरा. मागच्या पडवीत नेवया."

दाजी आईकडे बघत राहिले. "आये, काय करू?"

तेवढ्यात विमला काहीतरी पुटपुटली. दाजी वाकले. ती माहेरच्या विहिरीबद्दल बोलत होती. कुणालातरी सांगत होती की कळशी भरली आहे, मला ती उचलवत नाही, तूच हात लाव. दाजींनी मान वर केली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आईला उत्तर दिलं नाही. बाजेचे पायाकडचे खूर धरले. डोक्याकडून शेवंती आणि धोंडूने उचललं आणि बाज खोलीबाहेर निघाली.

सुभद्राकाकीला राग आला होताच, पण भीतीही वाटत होती. एवढ्या वर्षांनी झालेल्या नातवंडाची आई हातची जाते, आणि ती ह्या बाईच्या खुळामुळे, असं तिला खरोखर वाटत होतं. "माझी चार बाळंतपणां ह्याच खोलयेत झाली!" ती ओरडली. "ह्याच शेगडेर! मी मरूक नाय ती? मी बसतंय तिच्या जाग्यार. बघा तुमी!" आणि ती आत गेली, दार आतून लावून घेतलं, शेगडीशेजारी चटई ओढून देवाचं नाव घेत बसली.

तिला समजवायला कुणाला सवड नव्हती. मागच्या पडवीत फणसाची सावली पडली होती आणि खाडीवरून वारा येत होता. शेवंतीने शाल काढली, डोक्याचं फडकं काढलं, कानातला कापूस काढला. धोंडूने विहिरीचं पाणी ओढून आणलं. जुनं लुगडं फाडून, भिजवून, पिळून तिने मानेवर, काखेत, जांघेत ठेवलं. ते तापलं की दुसरं. दाजींच्या हातात तिने सूप दिलं. "वारो घाला. थांबू नकात." आंब्यांच्या बागेचा धनी सुपाने वारा घालत राहिला. विमलाला धड गिळता येत नव्हतं, म्हणून शेवंतीने पाणी तोंडात ओतलं नाही. बोट भिजवून ओठ ओले करत राहिली. पोरीला उघडी करून तिने केळीच्या पानावरच्या ओल्या धुडक्यावर निजवली आणि अंगावरून ओला हात फिरवला.

बराच वेळ काहीच झालं नाही. दाजींचे हात भरून आले. मग पोरीने एकदा अंग आखडलं, तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. त्या आवाजाने विमलाने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. "चेडू खंय?" तिने मुलीबद्दल विचारलं. आवाज बारीक, पण शब्द शहाण्या माणसाचे.

"हयच आसा गो. आता पाणी पी. घोट घोट." शेवंतीने मीठ-गुळाचं पाणी पुढे केलं.

आणि तेव्हा माजघराचं दार करकरलं. सुभद्राकाकी भिंत धरून बाहेर आली. लुगडं पाठीला चिकटलेलं, चेहरा जास्वंदीसारखा लाल, केस ओले. कुणाकडे न बघता ती सरळ घागरीपाशी गेली, तांब्या बुडवला आणि उभ्यानेच घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. दुसरा तांब्या तिने डोक्यावर ओतला. मग पडवीच्या पायरीवर मटकन बसली.

ती बोलली, स्वतःशीच पुटपुटल्यासारखी. "थोरलो श्रावणात. चेडवां दोनय पुसात. दाजी भादव्यात, चतुर्थेच्या आदल्या दिसा, पाऊस असो की ओटयेत पाणी." ती थांबली. "वैशाखात एकय नाय गो."

शेवंतीने मीठ-गुळाचं पाणी तिच्याही पुढे केलं.

काकी उठली, मुलाच्या हातातलं सूप काढून घेतलं. "दी हडे. तू दमलस." आणि सुनेच्या उशाशी बसून वारा घालू लागली. थोड्या वेळाने खालच्या आवाजात तिने विचारलं, "वाचतली मा गो?"

"वाचतली," शेवंती म्हणाली.

उन्हं कलल्यावर घाडी आला. बाळंतीण बसून पेज पीत होती, आजी नातीला वारा घालत होती. त्याने जरा घुटमळून विचारलं, मला कशाला बोलावलं होतं? काकीने त्याला दोन आंबे दिले आणि ऊन उतरेपर्यंत सावलीत बस म्हणून सांगितलं. तो बसला, आंबे खाल्ले आणि गेला.

बारशाला सुभद्राकाकीने मुलीला पाळण्यात घालायचा पहिला मान शेवंतीला दिला. बाया कुजबुजल्या, पण काकीच्या घरात काकीपुढे कुणाची प्राज्ञा? पावसाआधी गवंडी बोलावून तिने त्या खोलीच्या भिंतीत दुसरं जनेल पाडून घेतलं. आणि मग तिने जे केलं ते शेवंतीला उभ्या जन्मात जमलं नसतं. आपला तो आवाज घेऊन ती घरोघर गेली. सासवांना तिने एकच सांगितलं, "मी बसान इलंय त्या खोलयेत. तू बस आणि मगे माका सांग." सुईणीचं बोलणं धुडकावता येत होतं. सुभद्राकाकीचं नाही.

पण गोष्ट इथे संपली असती तर शेवंती निम्मीच शिकली असती.

पुढल्या वर्षी पौषात खाडीवरून पहाटेचा बोचरा वारा सुटला होता. बंदराकडच्या मोहल्ल्यातून रुकय्याचं बोलावणं आलं. रुकय्या आणि शेवंती एका वयाच्या, बाजारात मासळीच्या पाट्या शेजारी मांडून मोठ्या झालेल्या. रुकय्याची लेक नसीबा आठव्याच महिन्यात बाळंत झाली होती, शेवंती पोचायच्या आत. सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. शेवंती खोलीत शिरली आणि दारातच थबकली. जनेल सताड उघडं. शेगडी विझवून कोपऱ्यात. झोळीत तळहाताएवढं पोरगं, पातळ दुपट्यात, ओठ निळसर.

"रुकय्या, जनेल लाव! शेगडी पेटव!"

रुकय्या गोंधळली. "अगो, तूच तर सांगतस ना, उघडा ठेवा म्हणून? सगळ्या गावात तुझा नाव घेतत."

"वैशाखात गो, वैशाखात! ह्यो पूस आसा!"

शेवंतीने पोराचे पाय धरले. खाडीच्या पाण्यातून काढल्यासारखे गार. आता शेगडी खोली तापवील, पण एवढ्याशा जिवाला धग लावायची तरी कशी? तिने क्षणभर विचार केला आणि नसीबाची चोळी सोडायला लावली. पोराला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर उपडं ठेवलं, डोक्याला कापसाची टोपी घातली, वरून दोघांवर गोधडी ओढली. "कोंबडी अंडी कशी उबवता? तसांच. हलू नको." नसीबा थकली की रुकय्या बसे, रुकय्या उठली की शेवंती. दूध बोंडल्यातून थेंब थेंब. शेगडी दाराजवळ ठेवली, म्हणजे धूर बाहेर जाईल आणि ऊब आत राहील. दुपारपर्यंत पोराच्या ओठांचा निळेपणा गेला. संध्याकाळी त्याने पहिल्यांदा बोंडलं चोखलं, तेव्हा रुकय्याने शेवंतीच्या गळ्यात पडून असं काही रडायला सुरुवात केली की शेजारपाजारचे वाईट समजून धावत आले.

त्या पोराचं नाव मुस्तफा. महिनाभर तो आजीच्या आणि आईच्या छातीवरच वाढला.

त्या दिवसापासून शेवंतीने "जनेल उघडा" हे सांगणं सोडून दिलं. ती म्हणायची, "बाळंतिणीच्या मानेक हात लावा. पोराच्या पोटाक हात लावा. तुमी स्वता खोलयेत बसा. तुमका उकडता तर तिका उकडता. तुमका कुडकुडता तर तिका कुडकुडता." जानकीबाईला हे इतकं आवडलं की तिने कणकवलीला सुईणींच्या मेळाव्यात शेवंतीला उभं केलं. शेवंती आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांपुढे बोलली. आधी तोंडातून शब्द फुटेना. मग पहिल्या रांगेत बसलेल्या सुभद्राकाकीने, जी हट्टाने एस.टी.तून बरोबर आली होती, मोठ्याने म्हटलं, "सांग गो, माझ्यासारक्या म्हाताऱ्येचा काय केलंस ता!" सगळा मांडव हसला, आणि शेवंतीची जीभ सुटली.

खरी कसोटी आली ती साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यात. म्हातारेकोतारे म्हणाले असा वैशाख पाहिला नव्हता. कावळे चोची उघड्या टाकून माडांच्या सावलीला बसत. तळ्यातली मासळी वर तरंगली. कणकवलीच्या वाटेवर एक बैलगाडीवाला गाडीतच गेला. बैल त्याला तसाच घेऊन गावात आले. मळ्यात काम करणारा एक म्हातारा दुपारी पडला तो उठला नाही. वाडीत त्या महिन्यात बाळंतिणी आणि दिवस भरलेल्या बाया मिळून घरोघरी कुणी ना कुणी होतीच. बायांच्या तोंडी जुनं बोलणं पुन्हा आलं: देवाच्या हवाली.

"देवाच्या हवाली करूया," शेवंती म्हणाली, "पण आधी आपण उठूया."

दाजींच्या पडवीत बाया जमल्या. हिंदू वाड्या सुभद्राकाकीने घेतल्या, मोहल्ला रुकय्याने. शेवंती सगळीकडे. सकाळी उन्हं चढायच्या आत अंगणाच्या बाजूला झावळ्यांचे मांडव उभे राहिले. खोल्यांच्या भिंतींवर बाहेरून ओली पोती टांगली. दुपारभर प्रत्येक बाळंतिणीजवळ कुणीतरी वारा घालायला विंझणा घेऊन बसलेलं. घागरीत मीठ-गुळाचं पाणी. केवळ बाळंतिणीच नाही, शेवंतीने ओसऱ्यांवरच्या म्हाताऱ्यांनाही सावलीत ओढलं, मळ्यातल्या गड्यांना भर दुपारी काम सोडायला लावलं. दाजींनी स्वतः आपल्या बागेतलं काम दुपारी बंद केलं, आणि त्यांच्यामागे इतरांना करावंच लागलं. गंगाराम गलबत नांगरून घरी आला होता; बायको दिवसभर दिसेना म्हणून तोही कावड खांद्यावर घेऊन पाणी वाहू लागला.

पाऊस आला तेव्हा वाडीतली एकही बाळंतीण गेली नव्हती. एकही तान्हं गेलं नव्हतं.

त्या वर्षी नवरात्रात बाया देवीच्या ओटीला निघाल्या. जानकीबाईची बदली झाली होती, पण ती मुद्दाम आली. देवळाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या कडेवर, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या पाठीशी बांधलेली, त्या उन्हाळ्याची सगळी पोरं आली होती. विमलाची लेक परकर सावरत त्यांच्यातून धावत होती. देवळाबाहेरच्या पारावर रुकय्या मुस्तफाला घेऊन बसली होती आणि बाया आत जाता-येता तिच्याशी बोलत होत्या.

जानकीबाई पोरं मोजायला लागली. दोनदा चुकली, मग तिने नाद सोडला.

"कित्याक मोजतास?" शेवंती म्हणाली. "आणखी हत. दोघी घराक आसत, आजून ओल्ये बाळंतिणी."

तेवढ्यात एका पोराने भोकाड पसरलं. त्याचं ऐकून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. बघता बघता सगळं अंगण एका सुरात रडू लागलं. आया हसत होत्या, सुभद्राकाकी आपल्या त्या आवाजात सगळ्यांना गप्प करत होती, आणि तिचं कुणीही ऐकत नव्हतं. आत पुजारी आरतीची घंटा वाजवत होता. ती कुणालाही ऐकू आली नाही.